चिऱ्यापासून स्लॅबपर्यंत: हॅमर मशीन चालवताना

श्रावण लागला की बेळगावात भाड्याच्या हॅमर मशीनला उसंत मिळत नाही. गणपतीच्या आधी घर लावून घ्यायचं असतं. कुणाला पडद्याचा रॉड बसवायचा असतो, कुणाला देव्हाऱ्यावरची फळी, कुणाला मखराच्या माळांसाठी स्लॅबला हूक. दुकानातनं दिवसाच्या भाड्याने मशीन येतं, घरातल्या कॉलेजला जाणाऱ्या पोराच्या हातात दिलं जातं आणि ‘मार आता होल’ म्हणून सगळे बाजूला उभे राहतात. मी फॅब्रिकेशनचं काम करतो. ग्रिल, रेलिंग, शेडचे खांब बसवायचे म्हणजे रोज हेच मशीन हातात. त्या पोरासाठी हे लिहितोय, आणि त्याच्या हातात मशीन देणाऱ्यांसाठीही.

आधी माझ्या मनगटाचं सांगतो. एका शेडच्या खांबाची प्लेट काँक्रीटच्या कॉलमला बसवायची होती. १६ मि.मी.चं भोक, जागा कोपऱ्यातली. साईड हँडल, म्हणजे डाव्या हाताने धरायची मशीनच्या बाजूची दांडी, भिंतीला लागत होतं म्हणून मी ते काढून ठेवलं. दोन मिनिटांचंच काम, असं वाटलं. बिट, म्हणजे मशीनच्या तोंडात बसवलेली भोक पाडायची काडी, आत सळीला लागलं आणि जागच्या जागी थांबलं. बिट फिरायचं थांबलं की मशीन फिरतं. मूठ हातातच होती, त्यामुळे मनगटही तिच्याबरोबर फिरलं. दीड महिना वेल्डिंगची काडी धरता आली नाही. ज्यांच्या हाताखाली मी शिकलो ते आमचे मामा बघायला आले, तेव्हा त्यांनी एकच विचारलं, “साईड हँडल कुठं हाय?”

मशीन आत काय करतं

साधं इम्पॅक्ट ड्रिल आणि हॅमर मशीन ही दोन वेगळी यंत्रं आहेत. इम्पॅक्ट ड्रिलमध्ये दोन दातेरी चकत्या एकमेकींवरनं घासत उड्या मारतात. ठोके खूप पडतात, पण एकेका ठोक्यात दम नसतो, म्हणून त्याला मागनं दाबावं लागतं. हॅमर मशीनमध्ये मोटर एका सिलिंडरात पिस्टन पुढे-मागे हलवते, पिस्टनपुढची हवा दाबली जाते आणि ती हवा एका लोखंडी ठोकळ्याला बिटाच्या बुडावर फेकते. घरगुती कामाचं २६ मि.मी. क्षमतेचं, ८०० वॅटच्या आसपासचं मशीन मिनिटाला चार हजारांहून जास्त ठोके मारतं आणि प्रत्येक ठोक्याची ताकद अडीच-तीन ज्यूल असते. हे काम हवा करते, तुमचं खांद्याचं वजन नाही. बिट भिंतीला टेकलेलं राहावं इतकाच दाब लागतो. त्याहून जास्त रेटलं तर भोक लवकर पडत नाही, उलट बिट गरम होतं, अडकायची शक्यता वाढते आणि सगळे हादरे तुमच्या कोपरात येतात.

मामा नव्या पोराला पहिल्या दिवशी एवढंच शिकवायचे: “दाबू नको गा, नुसतं धर.” पुढचं सगळं या धरण्याबद्दलच आहे.

मशीन ताब्यात घेताना

भाड्याचं मशीन दुकानातच तपासून घ्या, घरी आणल्यावर नाही. पहिली गोष्ट साईड हँडल. भाड्याच्या पेटीतनं सर्वात आधी तेच गायब होतं. नसेल तर ते मशीन घेऊ नका, मग दुकानदार कितीही ‘लागत नाही ओ’ म्हणू दे. दुसरी वायर. मशीनच्या तोंडाशी, जिथे ती सारखी वाकते, तिथे बोटांनी चाचपून बघा. तिथे चिकटपट्टी गुंडाळलेली असेल तर आत काय झालंय ते उघड आहे. पिनच्या जागी नुसत्या तारा काढून सॉकेटात काडीने खोचलेल्या असतील तर मशीन परत द्या. मोकळं चालवून बघा. मागच्या फटीतनं थोडी निळसर ठिणगी दिसणं चालतं, कार्बन ब्रश असतोच, पण मोठी पिवळी आग किंवा जळका वास आला तर नको. घोडा, म्हणजे मुठीवरचा बोटाने दाबायचा स्विच, सोडल्यावर मशीन लगेच थांबलं पाहिजे.

घोड्याजवळ एक छोटं बटण असतं, ते दाबलं की बोट काढलं तरी मशीन चालू राहतं. भोक पाडताना ते कधीच दाबायचं नाही. बिट अडकल्यावर बोट सोडणं हाच तुमचा पहिला बचाव आहे, आणि ते बटण नेमका तोच काढून घेतं.

मशीनवर चौकोनात चौकोन अशी खूण असेल तर त्याला दुहेरी इन्सुलेशन आहे. म्हणून त्याची पिन दोन काड्यांची असते. त्यात काही चुकीचं नाही. पण शहापूर, वडगाव, खासबागच्या जुन्या घरांत वायरिंगही जुनं आहे आणि बऱ्याच ठिकाणी अर्थिंगचा भरवसा नाही. मीटरजवळच्या बोर्डात ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी आहे का ते बघा. गळतीचा करंट त्याहून वाढला की क्षणार्धात लाइन तोडणारा तो स्विच. नसेल तर घरात एकदाच बसवून घ्या. मशीनसाठी जेवढा उपयोगी, तेवढाच गिझरसाठी.

एक्स्टेन्शन बोर्डाची वायर तांब्याची आणि निदान दीड चौरस मि.मी.ची हवी. गुंडाळीची असेल तर पूर्ण उलगडून ठेवा, गुंडाळलेली वायर लोड घेतला की तापते. इन्व्हर्टरवर हे मशीन चालवू नका.

बिटाची शेपटी म्हणजे खाचा असलेला मागचा दांडा. घरगुती मशीनला एसडीएस प्लस लागते, दांड्याची जाडी १० मि.मी. तोडफोडीच्या मोठ्या मशीनला एसडीएस मॅक्स, १८ मि.मी. एकाचं बिट दुसऱ्यात बसत नाही. दांडा फडक्याने पुसायचा, खाचेत बोटाच्या टोकावर येईल एवढं ग्रीस लावायचं, पिन सॉकेटातनं काढलेली आहे याची खात्री करायची आणि बिट किंचित फिरवत आत ढकलायचं. ‘टक’ असा आवाज येतो. मग ओढून बघायचं. बिट सुटत नाही, पण साधारण सेंटीमीटरभर पुढे-मागे हलतं. नवखा माणूस त्याने घाबरतो आणि आणखी आत ठोकायला बघतो. ते हलणं मुद्दाम ठेवलेलं असतं, त्या मोकळ्या जागेतच ठोका बसतो.

भिंत ओळखणं

बाहेरच्या गावांतल्या मार्गदर्शकांत भिंत म्हणजे वीट नाहीतर काँक्रीट. आपल्याकडे एकाच गल्लीत पाच जातींच्या भिंती निघतात, एकाच घरातही निघतात. आजोबांनी बांधलेला पुढचा सोपा चिऱ्याचा, मागचं स्वयंपाकघर विटांचं, वर चढवलेला मजला सिमेंटच्या सॉलिड ब्लॉकचा. गिलावा आणि रंग सगळ्यांवर सारखाच. म्हणून पहिलं भोक ६ मि.मी.चं, ज्या जागी शेवटी झाकलं जाईल तिथे मारा आणि बाहेर येणारी भुकटी बघा.

लाल-तांबूस, दमट, चिकट भुकटी म्हणजे चिरा. जांभ्या दगडाचा चिरा खाणीतनं निघताना मऊ असतो, वारा-ऊन लागून बाहेरनं कडक होतो. आत मात्र भोकाभोकांचा आणि सच्छिद्रच राहतो. हॅमरचे ठोके चालू ठेवून भोक पाडलं तर ते आत पसरट होतं, प्लास्टिकची गिट्टी (स्क्रू धरण्यासाठी भोकात ठोकायचा प्लग) सैल बसते आणि चार दिवसांनी फळी देवासकट खाली येते. चिऱ्यात ठोके बंद करून नुसतं फिरवून भोक पाडा. पुढे जात नसेल तरच थोडे ठोके द्या. बिट हव्या मापापेक्षा एक नंबर लहान घ्या, गिट्टी लांब घ्या. वजनदार वस्तू असेल तर केमिकल अँकर, म्हणजे भोकात चिकट रसायन भरून पक्का करायचा बोल्ट, वापरा. दोन चिऱ्यांमधल्या सांध्यात कधीही मारू नका. जुन्या घरांत तिथे माती नाहीतर चुना असतो. स्क्रू धरतच नाही, शिवाय आतली माती गळत राहते. आणि पावसाळ्यात, खासकरून खानापूरच्या बाजूला, चिरा पाणी पिऊन बसतो. हात लावल्यावर भिंत गार, ओली लागली तर वीज चालणारं मशीन तिला टेकवायची वेळ ती नाही. दिवाळीपर्यंत थांबा.

केशरी-लाल कोरडी भुकटी म्हणजे वीट. इथेही ठोके बंद, नुसतं फिरवणं. ठोक्याने विटेचा मागचा अर्धा भाग तुकड्याने निघून पलीकडच्या खोलीत पडतो. साडेचार इंची भिंतीत तर हमखास.

करडी, पिठासारखी भुकटी आणि मशीन एकाच लयीत चालतंय, म्हणजे सिमेंटचा ब्लॉक किंवा काँक्रीट. हॅमर मशीनचं खरं काम इथेच. पांढरी, हलकी भुकटी आणि बिट लोण्यात शिरल्यासारखं जातंय, म्हणजे नव्या अपार्टमेंटमधला हलका ब्लॉक. ठोके पूर्ण बंद करा आणि त्याच ब्लॉकसाठी मिळणारा खास प्लग वापरा.

खेड्यातल्या मातीच्या भिंतीला हे मशीन लावूच नका. तिथे फळी लाकडी खांबाला किंवा तुळईला मारतात, तेच बरोबर आहे.

बाथरूमच्या टाइल्सना सुरुवात काचेच्या किंवा टाइलच्या बिटाने, ठोके बंद, हळू. टाइल पार झाली की मग मागच्या भिंतीप्रमाणे.

आता न दिसणाऱ्या गोष्टी. स्विचबोर्डापासून वायर बहुतेक वेळा सरळ उभी वर जाते. म्हणून प्रत्येक बोर्डाच्या वर आणि खाली, डावी-उजवीकडे एकेक वीत जागा सोडून द्या. गिझर, बेसिन, नळ यांच्या उभ्या रेषेतही पाइप असतो. भिंतीत हा नियम पाळला जातो, स्लॅबमध्ये पाळला जात नाही, हे लक्षात ठेवा. स्लॅब ओतताना पंख्याच्या हुकाच्या डब्यापासून भिंतीपर्यंत पाइप सरळ, तिरकस, जवळचा रस्ता धरून टाकलेले असतात. बोर्डाकडे बघून अंदाज लागत नाही. म्हणून स्लॅबमध्ये उथळ भोक पाडायचं, डेप्थ गेज (बिट किती आत जाईल ते ठरवणारी दांडी) लावून, गरजेपुरतंच. नवीन घर बांधत असाल तर गिलाव्याआधी प्रत्येक भिंतीचा आणि ओतण्याआधी स्लॅबचा फोटो काढून ठेवा, शेजारी टेप धरून. दहा वर्षांनी कामाला येतो.

त्या खोलीचा एमसीबी (मेन बोर्डातला त्या लाइनचा स्विच) पाडा आणि मशीनसाठी लाइन दुसऱ्या खोलीतनं आणा. बोर्डावर टेस्टर लावून खात्री करा. इथे बरेच जण फसतात: मेन स्विच पाडला तरी इन्व्हर्टरची लाइन चालूच असते. हेस्कॉमची वीज गेली तरी ज्या पॉइंटला पंखा फिरतो त्या पॉइंटची वायर जिवंत आहे. इन्व्हर्टरही बंद करा.

सळी कुठे लागणार याचा अंदाज बांधता येतो. भारतीय मानक ४५६ प्रमाणे साध्या परिस्थितीत स्लॅबच्या सळीवर निदान २० मि.मी. काँक्रीटचं कव्हर असतं, कॉलमच्या मुख्य सळीवर ४०. म्हणजे स्लॅबमध्ये दोन-अडीच सेंटीमीटरवर मशीनचा आवाज एकदम बदलला, खणखणीत झाला, पुढे जाणं थांबलं, तर ती सळीच. थांबा. भोक बुजवा आणि दोन-तीन इंच बाजूला नवीन मारा. रेटून सळी तोडायला जाऊ नका. बिटाचं कार्बाइडचं टोक उडतं, मनगट जातं, आणि बीम-कॉलममधली सळी तर घर उभं ठेवणारी आहे. घरमालक म्हणाला “मारा ओ, काय होत नाही”, तरी नाही. बीमच्या खालच्या अंगाला आणि कॉलमला मोठं भोक पाडायचंच असेल तर आधी इंजिनिअरला विचारा.

अंगावर काय घालायचं

चष्मा बाजूंनी बंद असलेला. नंबरचा चष्मा पुरत नाही, वरनं गॉगल घालायचा. पायात बूट, चप्पल नाही. लुंगी, गळ्यातला टॉवेल, ओढणी, पदर, हातातला कडा, सैल गंडा, अंगठी, सगळं आधी काढायचं किंवा खोचायचं. हातमोजे घालायचे तर कातडी, बोटांना घट्ट बसणारे. विणलेले सैल मोजे फिरत्या बिटात अडकतात आणि बोट बरोबर घेऊन जातात. मोकळे हात त्यापेक्षा बरे.

कानाचं कुणी मनावर घेत नाही. या मशीनचा आवाज कानाशी ९० डेसिबलच्या वर जातो, बंद खोलीत आणखी. ८५ डेसिबलला आठ तास ही मर्यादा मानतात आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो, म्हणजे ९१ ला दोन तास. दुकानात मिळणारे फोमचे बोळे दहा-वीस रुपयांचे असतात. कापूस नको, तो आवाज अडवत नाही.

भोक पाडताना

खूण करा आणि खिळ्याने किंवा पंचने तिथे छोटा खळगा पाडा, म्हणजे बिट घसरत नाही. डेप्थ गेज लावा. गिट्टीच्या लांबीपेक्षा पाच-दहा मि.मी. जास्त खोली हवी, कारण थोडी भुकटी तळाशी राहतेच. बिटाचं माप फास्टनरच्या, म्हणजे भोकात आवळून बसणाऱ्या बोल्टच्या, डब्यावर लिहिलेलं असतं, तेच घ्या. बोल्टच्या मापावरनं अंदाज करू नका, स्लीव्हचा ८ नंबरचा फास्टनर १० च्या भोकात जातो.

मोड बदलायची चकती मशीन पूर्ण थांबल्यावरच फिरवायची. चकतीवर नुसत्या बिटाचं चित्र म्हणजे फिरणं, बिट आणि हातोडी म्हणजे फिरणं आणि ठोके, नुसती हातोडी म्हणजे छन्नी. उलटं-सुलटं फिरवायचा खटकाही थांबल्यावरच.

आता उभं राहणं. पाय खांद्याइतके रुंद, एक थोडा पुढे. उजवा हात मुठीवर, डावा साईड हँडलवर, हँडल डाव्या बाजूला आणि घट्ट पिळून बसवलेलं. कोपर अंगाजवळ. हे असंच का, तेही सांगतो. मागनं बघितलं तर बिट घड्याळाच्या दिशेने फिरतं. ते अडकलं की मशीनचं अंग उलट दिशेने फिरतं. उजव्या हातातली मूठ उजवीकडे बाहेर झटका देते, डावं हँडल खाली जातं. डावा हात तिथे असेल तर तो झटका खांद्यावर घेतो. नसेल तर सगळा भार एका मनगटावर. हँडल जितकं लांब, तितका हातावरचा भार कमी. माझं हँडल त्या दिवशी पेटीत होतं.

सुरुवात घोडा हळू दाबून. बिट भिंतीला सरळ काटकोनात, बाजूच्या माणसाला एकदा बघायला सांगा. सेंटीमीटरभर गेलं की वेग वाढवा. दर दोन-तीन सेंटीमीटरला मशीन चालू ठेवूनच बिट अर्धं बाहेर ओढा आणि परत आत सोडा, म्हणजे भुकटी खाचेतनं बाहेर पडते. भुकटी आत साठली की बिट तापतं आणि आवळतं. गेज टेकल्यावर थांबू नका, आधी फिरतं बिट बाहेर काढा, मग घोडा सोडा. गरम बिटाला बोट लावू नका, खाली ठेवतानाही पायपुसणीवर किंवा वायरवर ठेवू नका.

भोक आरपार जाणार असेल तर पलीकडच्या खोलीतनं माणसं, विशेषतः पोरं, बाहेर काढा. शेवटच्या दोन सेंटीमीटरला दाब आणि वेग दोन्ही कमी करा, नाहीतर पलीकडे बशीएवढा गिलावा उडतो.

छन्नी लावून झिरी फोडायची असेल तर एक गोष्ट सांगतो: चिऱ्याच्या किंवा विटेच्या भार पेलणाऱ्या भिंतीत आडवी लांब झिरी फोडू नका. उभी फोडा, आणि पातळ भिंतीत दोन्ही बाजूंनी समोरासमोर नको.

बिट अडकलं तर

क्लच, म्हणजे बिट अडकलं की मोटरचा जोर तोडणारा आतला भाग, ‘टर्रर’ करायला लागतो. तो आवाज म्हणजे मशीन सांगतंय की थांब. पण क्लच सुटायच्या आधी एक झटका येतोच, आणि जुन्या, भाड्याच्या मशीनच्या क्लचचा भरवसा नसतो. क्लच आहे म्हणून हँडल सोडायचं नाही.

घोडा सोडा. मशीन थांबलं की मोड नुसत्या फिरण्यावर, खटका उलट्या दिशेला, आणि दोन्ही हातांनी धरून हळू ओढत फिरवा. निघालं नाही तर पिन काढा, चकचा, म्हणजे बिट धरणाऱ्या तोंडाचा, कॉलर मागे ओढून मशीन बाजूला करा आणि बिटाला पान्ह्याने हाताने फिरवा. मशीन वर-खाली हिसकून बिट काढायचा प्रयत्न करू नका. बिट वाकतं, आणि वाकलेलं बिट पुढच्या भोकात पुन्हा अडकतं.

शिडीवर आणि डोक्यावर

शिडीवर उभं राहून तोल एका हाताने सांभाळायचा आणि मशीन दुसऱ्याने धरायचं, हे मी दर गणपतीत बघतो. त्या उजवीकडच्या झटक्याची आठवण ठेवा. जमिनीवर मनगट मुरगळतं, शिडीवर माणूस खाली येतो. स्लॅबला हूक मारायचं असेल तर घोडी किंवा परांची लावा, फळी निदान दोन पावलं रुंद, आणि खाली एक माणूस. शिडीशिवाय गत्यंतरच नसेल तर १० मि.मी.च्या वरचं भोक मारू नका.

खालच्या माणसाशी एक शब्द ठरवून घ्या. आमच्या साइटवर एक खानापूरचा असतो, एक गोकाकचा, एक बिहारहून आलेला. मशीनच्या आवाजात वाक्य ऐकू येत नाही. ‘थांब’ म्हणा, ‘निल्लिसु’ म्हणा, पण सकाळी एकच ठरवा आणि त्याला हाताची खूणही जोडा. तो शब्द ऐकला की कारण न विचारता घोडा सोडायचा.

वर मारताना भुकटी थेट तोंडावर येते. प्लास्टिकची वाटी किंवा रबरी चेंडूचा अर्धा भाग बिटात ओवला की बरीचशी त्यात पडते. साधा उपाय आहे, पण फार कामाचा.

धूळ

धुळीला कन्नडमध्येही ‘धूळु’च म्हणतात. आपण तिला अंगावरची घाण समजतो. झटकली की गेली. पण जी दिसते ती धूळ नाकातच अडते. जी दिसत नाही, केसाच्या जाडीच्या दहाव्या भागाहूनही बारीक, ती फुप्फुसाच्या तळापर्यंत जाते आणि तिथेच राहते. काँक्रीटमधल्या वाळूत, एम-सँडमध्ये (दगड फोडून केलेल्या वाळूत), गोकाकच्या धबधब्याचा कडा ज्याचा आहे त्या वालुकाश्मात गारगोटीचा, म्हणजे सिलिकाचा अंश असतो. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत फाउंड्रीत काम केलेल्या माणसाला सिलिका हा शब्द समजावून सांगावा लागत नाही, साच्याची वाळू तीच. सिलिकोसिस, म्हणजे या धुळीने होणारा फुप्फुसाचा रोग, कायद्याने नोंदलेला व्यवसायजन्य आजार आहे. झालेलं नुकसान भरून येत नाही, आणि अशा फुप्फुसाला टीबी लवकर धरतो.

घरात वर्षाला चार भोकं मारणाऱ्याने घाबरून जायचं कारण नाही. पण जो गवंडी, वायरमन, फॅब्रिकेटर रोज पन्नास भोकं मारतो, त्याने रुमाल बांधून भागणार नाही. रुमालातनं ती बारीक धूळ सरळ आत येते. एन-९५ मास्क घ्या, दोन पट्ट्यांचा, नाकावरची पट्टी दाबून बसवलेला. दाट दाढी असेल तर कडेनं हवा शिरते, हे आवडो न आवडो. व्हॅक्युम क्लीनर असेल तर हेल्परने त्याचं तोंड भोकाच्या खाली अगदी चिकटवून धरावं, धूळ उडायच्या आधीच जाते. भिंतीवर पाणी मारत भोक पाडणं या मशीनला चालत नाही, पाणी आणि वीज एकत्र येतात.

भोकातली भुकटी तोंडाने फुंकू नका. ती सरळ डोळ्यात आणि घशात येते. रबरी पंप मिळतो, नाहीतर सायकलचा पंप वापरा. खोली झाडताना कोरडा केरसुणीचा हात फिरवला की बसलेली धूळ परत नाकासमोर उठते. आधी पाण्याचा शिपका मारा किंवा ओल्या फडक्याने पुसा. कामाचे कपडे घरात झटकू नका. ते धुणारी बाई तीच धूळ घेते आणि तिच्या तोंडावर मास्क नसतो. साइटवरच कपडे बदलून पिशवीत भरून आणा आणि घरी आल्यावर थेट पाण्यात भिजवा.

हाताच्या मुंग्या

दिवसभर मशीन चालवून रात्री बोटांना मुंग्या येत असतील, थंडीत सकाळी बोटाची टोकं पांढरी पडत असतील, तर ते थकवा म्हणून सोडू नका. हादऱ्यांनी बोटांतल्या बारीक रक्तवाहिन्या आणि नसा खराब होतात. युरोपात यासाठी मोजमाप ठरलेलं आहे. ज्या मशीनचा हादरा १२ मीटर प्रति सेकंद वर्ग आहे, आणि या वर्गातल्या मशीनचा साधारण तेवढा असतो, ते दिवसात वीसेक मिनिटं चालवलं की काळजी घ्यायची पातळी गाठली जाते, आणि सुमारे ८० मिनिटांना कमाल मर्यादा. ही घोडा दाबलेली मिनिटं, साइटवरचे तास नाहीत. दोघांनी आलटून-पालटून चालवा, धार गेलेलं बिट टाकून द्या, मूठ गरजेपुरतीच आवळा. हात गार असताना सुरुवात करू नका. तंबाखू, विडी रक्तवाहिन्या आकसवते, म्हणून हाताला दुहेरी मार बसतो.

काही झालंच तर

डोळ्यात कण गेला तर चोळू नका. स्वच्छ पाण्याची धार दहा-पंधरा मिनिटं धरा. कण रुतलेला दिसत असेल तर हात लावू नका, वरनं कागदाचा कप उलटा धरून पट्टीने बसवा आणि डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा.

करंट लागून माणूस चिकटला तर त्याला धरू नका. आधी मेन पाडा. ते लांब असेल तर कोरड्या लाकडी काठीने मशीन किंवा वायर दूर ढकला. श्वास नसेल तर १०८ ला फोन करा आणि छातीच्या मध्यभागी दोन्ही हातांनी जोरात, वेगाने दाबत राहा, मिनिटाला १०० ते १२०. माणूस उठून बसला, ‘काय झालं नाही’ म्हणाला, तरी दवाखान्यात न्या. करंटचा हृदयावरचा परिणाम नंतरही दिसू शकतो. घराबाहेरच्या लाइनमध्ये किंवा मीटरकडे गडबड झाली असेल तर १९१२ वर हेस्कॉमला कळवा, स्वतः खांबावर चढू नका.

काम संपलं की पिन आधी काढा. चकचं रबरी टोपण पुसा, मागच्या हवेच्या फटी ब्रशने साफ करा, बिटं गार झाल्यावर पेटीत घाला. साईड हँडल मशीनलाच बसवलेलं राहू द्या, काढून पेटीच्या कप्प्यात टाकू नका. वायर मशीनभोवती आवळून गुंडाळू नका, सैल वेटोळं करून वर ठेवा, आणि मशीन भाड्याचं असेल तर क्लच किंवा वायरचा जो दोष दिसला तो परत देताना दुकानदाराला सांगा. उद्या ते मशीन दुसऱ्याच कुणाच्या तरी घरी जाणार आहे.